शिंगखताच्या वहीतलं दुसरं नाव

—बसा आधी, मॅडम, बसा. एवढा उतार चढून आल्यात, दम तर खा, मंग काय इच्यारायचं ते इच्यारा. तिथं दगडावर नका, हितं पोत्यावर या, सावलीला. पाणी घ्या. काय म्हणल्या? दुसऱ्या बाईला बोलवा? बोलवू की, त्यात काय! वहीत दोन नावं हायेत ना, दिसलं की तुमाला — 'शिंगखत ढवळलं, एक तास, झुंबरबाई आन् गिरिजाबाई' — झुंबरबाई म्हणजे मी, आन् गिरिजाबाई मपली धाकटी जाऊ. ते बघा, उतार संपतो तिथं काळं रान सुरू झालं का, तुरीच्या कडंला पांढरं घर — ते तिचं. दोघींना समोरासमोर इच्यारल्याबगर तुमी सेंद्रिय बागंच्या सर्टिफिकेटावर सही करणार न्हाईत, बराबर हाये, तुमचा नियम हाये, म्या कुठं न्हाई म्हणले? पण बाईमाणसाला हातातलं काम असंच टाकून येता येतं का? येईल. तवर तुमी रान बघा. रान बघायलाच आल्या ना?

असं हाये मॅडम, की हे रान कुणालाच नको व्हतं. वाटण्या झाल्या तवा मपल्या सासऱ्यानं दोन्ही पोरांला समोर बसवलं, खालचं काळं आन् वरचं हे मुरमाड. आमचे मालक थोरले, काकासाहेब. पहिली पसंती त्यांची. साऱ्या गावाला वाटलं, खालचं घेणार. ते म्हणले, वरचं द्या. म्या घरात कपाळावर हात मारून घेतला! कुसळाशिवाय काय उगवायचं न्हाई हितं, शेळ्यासुद्धा तोंड वाकडं करून जायच्या. धाकटे कारभारी — गिरिजाचे मालक — तेसुद्धा म्हणले, दादा, इच्यार कर. पण यांच्या डोक्यात द्राक्ष बसलेलं. केदारखेड्याकडं कुणाची तरी बाग बघून आल्ते, काळ्या रानातली, पाऊस झाला की वेलीचे पाय पाण्यात. म्हणले, झुंबर, वेलीला पाय भिजलेले चालत न्हाईत, मुरमात पाणी थांबत न्हाई, आपलं रान वेलीसाठीच हाये. कुदळ मारली की ठिणगी निघायची, तिथं आमी खड्डे घेतले. हे हात बघा. बोटं सरळ व्हत न्हाईत आता.

पण खरं बोलले व्हते ते. वरची हातभर माती सोडली की खाली मुरूम, त्याखाली फुटका खडक, त्याच्या भेगाभेगातून मुळी खाली जाती. एकदा चर खोदताना मला घावली — बारा फुटावर, बोटाएवढी जाड, खडकाच्या भेगंत चपटी होऊन गेलेली. पाणी हुडकत गेली व्हती बिचारी. म्हून घड लहान येतो, मणी लहान, साल जाड, पण तोंडात टाका — घ्या की, हा मणी घ्या, अजून पंधरा दिवस हायेत, तरी बघा. हाये का न्हाई? खालच्या रानातला मणी फुगतो, दिसायला देखणा, पण गोडी येत न्हाई तेवढी. आन् हा उतार उगवतीकडं तोंड करून हाये, सूर्य निघाला की पहिलं ऊन आमच्याच पानावर. दव लवकर वाळतं, वारा सारखा चालू, म्हून डावणीची बुरशी कमी. रात्रीची थंडी असती ना मॅडम, ती हितं थांबत न्हाई, पाण्यासारखी खाली घरंगळत जाती, काळ्या रानात जाऊन बसती. पहाटं मी हितून बघते तर गिरिजाचं घर धुक्यात बुडालेलं आन् मी उन्हात. पावसाळ्यात मपली मातीबी तिच्याच रानात जाती, कितीबी बांध घाला. म्हणले जाऊ दे, घरातच चालली.

हो हो, तुमचा प्रश्न हाये ध्यानात. शिंगखत. ते कसं आलं, सांगते. बाग तिसऱ्या वर्साला आली तवा मालक कुठंसं शिबिराला गेल्ते, आठ दिवस. आले ते हे बायोडायनॅमिक घेऊनच आले. गाईच्या शिंगात शेण भरायचं, नवरात्रात पुरायचं, पाडव्याच्या सुमाराला काढायचं. आत काळंभोर खत व्हतं, वास यावा तर जंगलातल्या मातीचा. त्यातलं मूठभर पाण्यात घालून एक तास ढवळायचं, चंद्र उतरता असताना, दिवस कलल्यावर, आन् मोठाल्या थेंबानं रानात शिंपडायचं. गाव हसलं! आमीबी हसलो. आन् पहिल्या वर्सी काय झालं म्हायतंय का? यांनी शिंगं पुरली बैलाची! घरचा सर्जा मेल्ता, त्याची शिंगं ठेवलेली प्रेमानं, तीच भरली. पाडव्याला काढली तर शेण तसंच, वाळलेलं. शिबिरातले म्हातारे साहेब आल्ते बघायला, त्यांनी शिंग हातात घेतलं आन् कपाळाला हात लावला — म्हणले, काकासाहेब, व्यालेल्या गाईचं पायजे, बैलाचं चालत न्हाई. गिरिजा तिथंच उभी व्हती, ती म्हणली, 'बाप्यांला कसं कळणार हे, पोटात ठेवून काहीतरी घडवायचं काम बाईचं असतं.' म्हातारे साहेब एवढे हसले, एवढे हसले! अशी व्हती ती. तोंडावर बोलायची, आन् बराबर बोलायची.

ढवळायचं आमा दोघींकडंच आलं मंग. ड्रम मधी, एकीकडून ती, एकीकडून मी. ती उजवीकडून फिरवायची, काठी अशी कडंकडंनं, पाण्यात भोवरा पडायचा, खोल, ड्रमचा तळ दिसायचा — की मी काठी घ्यायची आन् तो भोवरा मोडून डावीकडून फिरवायचा. पाणी आधी खवळायचं, फेस यायचा, मंग हळूहळू डावा भोवरा धरायचा. असं एक तास. एकटीचं काम न्हाईच ते मॅडम, खांदा निखळतो. म्हून तर तुमच्या वहीत दोन नावाचे रकाने हायेत. त्या तासात आमी किती बोलायचो! घरात सासू, बांधावर माणसं, बोलायला जागाच न्हाई कुठं. ड्रमावर सगळं निघायचं. मपलं पहिलं लेकरू गेलं ते, तिच्या माहेरचं भांडण, तिचे कारभारी दारू घ्यायचे तेव्हाचं — सगळं ढवळलं आमी त्या पाण्यात. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला पायी जायचो तवाबी एवढं न्हाई बोललो. लोक म्हणायचे खताचा गुण आला बागंला. मला वाटायचं, आमच्या बोलण्याचा आला.

काय? अजून आली न्हाई? आली न्हाई हो. येईल म्हणले ना. चहा ठेवू का? न्हाई? तुमी शहरातल्या, बिनसाखरंचा घेत असाल. मला एकटीला करायचा म्हणलं तर कंटाळा येतो. संक्रांतीला तिळगूळ केला — किती केला सांगा — एक लाडू. एक! तीळ भाजताना ध्यानात आलं, कुणाला द्यायचा? पोरगा सुमित पुण्याला, कंपनीत, त्याला सुट्टी न्हाई. तो म्हणतो आई, बाग काढ, हिकडं ये. काढ म्हणजे काय, दात हाये का काढायला? म्या तो लाडू खाल्ला आन् पाणी प्याले. झाली संक्रांत. तुमी मनाला लावून घेऊ नका, मी असंच बोलून राह्यले, दिवस दिवस कुणी येत न्हाई वर. वेलीसंगं बोलते म्हणा की. पण वेल काही उलटून बोलत न्हाई.

हे बघा, तारीख पानापानावर हाये. दिवाळी झाल्यावरची, मंग ही मार्गशीर्षातली, ही मागच्या पंधरवड्यातली. अक्षर मपलंच हाये सगळं, हो. दोन्ही नावं म्याच लिव्हते, तिला लिव्हायचा कंटाळा. सही? तिची सही न्हाई... रकाना हाये सहीचा? मला म्हायतच न्हाई. अशा बघू नका मॅडम. कामून अशा बघून राह्यल्या? एक तास ढवळलं, ते खरं हाये, गणपतीची शप्पथ! घड्याळ लावून. उजवा भोवरा, मंग फिरून पलीकडं जायचं, डावा भोवरा, मंग फिरून अलीकडं...

...हो. फिरून म्हणले मी. दोघी असतो तर फिरावं कशाला लागलं असतं.

बरं. लपवून काय करायचं, तुमी शिकलेल्या हायेत. एकटीनं ढवळते. सहा वर्सं. पहिल्या वेळी वही भरायला बसले, मपलं नाव लिव्हलं, आन् पुढं रकाना मोकळा. लई मोकळा दिसला हो तो. म्या तिचं नाव लिव्हलं. सर्टिफिकेटासाठी न्हाई लिव्हलं — म्हणजे त्यासाठीबी लिव्हलं, खोटं कशाला बोलू — पण लिव्हल्यावर बरं वाटलं मला. जशी येऊन गेली. मंग दर वेळी लिव्हत गेले. ती काही मेली न्हाई, आजारी न्हाई, तिथंच हाये, ते घर दिसतं ना तिथंच. पण ती वर येत न्हाई आन् मी खाली जात न्हाई. बोलायला न्हाई आमी एकमेकीला. मी वरच्या रस्त्यानं गावात जाते, ती खालच्या. पहाटं तिच्या चुलीचा धूर दिसला की कळायचं, उठली. एक दिवस धूर न्हाई दिसला तर नऊ वाजेस्तोवर मी हितंच उभी. मंग कळलं, गॅस घेतला त्यांनी.

कामून न्हाई बोलत? इच्यारलं कुणी हे तुमाला फॉर्मात? न्हाई ना. पण सांगते. सात वर्सामागं कार्तिकात पाऊस लागला — आमच्या पंचांगात चंद्राचं सगळं बराबर असतं, कधी चढता कधी उतरता, पण आता पावसाला काही पंचांग राह्यलं न्हाई. फुलोऱ्यात बाग, आन् सहा दिवस झड. उतार म्हणू नका, वारा म्हणू नका, काही कामाला आलं न्हाई, मधल्या चार ओळींवर डावणी आली. घड डोळ्यादेखत तपकिरी. मालक ताकाचं पाणी फवारत फिरत व्हते, जे नियमात बसतं ते सगळं केलं. आन् मंग दुकानातलं औषध आणलं आन् मारलं. चार ओळीवर. बाग वाचली. दोन महिन्यानं तुमच्यासारखेच एक साहेब आले तपासायला. सगळ्यांना इच्यारलं, काही मारलं का? मालक न्हाई म्हणले. मी न्हाई म्हणले. गिरिजाला इच्यारलं, ती त्या दिवशी घडांच्या विरळणीला आल्ती. ती खाली बघत उभी राह्यली, आन् मंग म्हणली — मारलं. चार ओळीवर.

गेलं सर्टिफिकेट. बिनऔषधाची तीन वर्सं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मालकांनी लई मनाला लावून घेतलं. साऱ्या गावात द्राक्षवाले काकासाहेब म्हून नाव व्हतं, लोक गाड्या करून बाग बघायला यायचे, ते म्हणायला लागले, शिंगाचं पाणी पाजतो आन् मागून औषध मारतो. घरातून निघंनात. पुढच्या चैत्रात हंगाम संपल्यावरची खरड छाटणी चालली व्हती, कात्री हातात, तिसऱ्या ओळीत बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणले हार्ट. आन् गिरिजा आली ना मॅडम, पळत आली, केस सुटलेले, पायात चप्पल न्हाई, तर म्या चार माणसांत तिला म्हणले — म्हणले, तुझ्या खऱ्यानं खाल्लं मपलं कुंकू, आता मपल्या उंबऱ्याला शिवू नको. उलट्या पावली गेली. एवढी तोंडावर बोलणारी बाई, एक अक्षर बोलली न्हाई.

आन् आता एवढं सांगितलं तर तेबी ऐका, म्हणजे झालं. सुमितला म्हायत न्हाई, कुणाला म्हायत न्हाई. मालक औषध मारणार नव्हते. पाचव्या दिवशी ते म्हणले, झुंबर, चार ओळी जाऊ द्यायच्या, निसर्गाचा वाटा. म्या म्हणले, वाटा गेला खड्ड्यात, तुमचं ग्यान मला शिकवू नका, अठरा वर्सं बोटं फोडून घेतली म्या, मारा. मारत नसाल तर मी मारते. म्याच पाठवलं त्यांना दुकानात. म्या. गिरिजाला हे ठाऊक व्हतं, मीच तिला ड्रमावर सांगितलं व्हतं. तिनं साहेबाला तेवढं न्हाई सांगितलं. चार ओळी सांगितल्या, कुणी मारायला लावलं ते न्हाई सांगितलं. आन् चार माणसांतबी न्हाई. नुस्ती गेली. मंग सांगा, कोणत्या तोंडानं जाऊ मी खाली? सहा वर्सं मी इच्यार करून राह्यले, कोणत्या तोंडानं?

काय काढून राह्यल्या पिशवीतून? कागद? कुणाचा कागद? ...तुमी तिच्याकडं जाऊन आल्या? आधी? म्हून खालून चढून आल्या व्हय! मंग सांगितलं कामून न्हाई, मी हितं तासभर — बरं, बरं. म्या बोलू दिलं न्हाई तुमाला. खरं हाये. मपला चष्मा घरात राह्यला, तुमीच वाचा.

...पुन्हा वाचा.

'दर वेळी मी वर जाते. उजवा भोवरा मी करते, डावा थोरली जाऊबाई करते. एक तास.' असं म्हणली? गिरिजा? तिच्या तोंडानं? सही? दाखवा. हो, तिचीच. सातवीपर्यंत शिकलेली, वेलांटी अशीच लांब काढती. पण तिला काय म्हायत म्या वहीत नाव लिव्हलं ते? तुमी इच्यारलं म्हून — तुमी नुस्तं इच्यारलं, झुंबरबाईसंगं ढवळायला तुमी असता का? आन् ती? लगेच म्हणली का थांबली? ...थांबली. वर बघितलं बागंकडं. आन् मंग म्हणली.

खोटं बोलली. मॅडम, ती खोटं बोलली! ती बाई सख्ख्या दिराच्या बागंसाठी खोटं बोलली न्हाई, नवऱ्यासाठी बोलली नसती, आन् मपल्यासाठी बोलली!

न्हाई, पाणी नको.

लिव्हा. पेन काढा आन् लिव्हा. झुंबरबाई एकटीनं ढवळती, सहा वर्सं, वहीतलं दुसरं नाव झुंबरबाईनं आपल्या मनानं लिव्हलं. असं लिव्हा. न्हाई न्हाई, तुमचा जीव चांगला हाये, मला कळलं तुमी काय म्हणून राह्यल्या, दोघींचं जुळतं म्हून सही करून मोकळं व्हायचं. पण न्हाई. मला तसलं सर्टिफिकेट नको. तीन वर्सं पुन्हा मोजायची तर मोजू, वेली कुठं पळून जात न्हाईत, त्यांच्या मुळ्या खडकात गेल्यात. फक्त एक करा, पाया पडते — तो तिचा कागद तुमच्या फायलीत लावू नका. गिरिजाबाईनं खोटं सांगितलं, असं कुठंच येऊ देऊ नका. लावावाच लागतो? मंग खाली मपलं लिव्हा, की तिला मीच तसं सांगायला लावलं. हो, हेबी खोटंच हाये. पण हे मपल्या नावावर राहू द्या. मागच्या खेपंचं मपलं तिनं सहा वर्सं पोटात ठेवलं, तर एवढं मी ठेवीन.

झालं? द्या, करते सही. हितं?

चला, उठा आता. दिवस कलला. वरच्या रस्त्यानं जा, गाडी तिकडंच लावली ना? न्हाई, मी पोचवायला येत न्हाई. मला खाली जायचंय. — काय म्हणू तिला पहिलं? दाराशी गेल्यावर? नुस्तं नाव घेऊन हाक मारू, का... तुमाला कशाला इच्यारून राह्यले मी, तुमी काय सांगणार. जा, जा तुमी, जल्दी जा. अंधार पडायच्या आत मला उतरायचंय.